सुटी पानं आणि पुडा

मे महिना लागला की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांना पहाटे तीन-साडेतीनलाच जाग येते. विड्यांसाठीच्या तेंदूपत्त्याचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. बाया-माणसं अंधारातच शिदोरी बांधून जंगलाची वाट धरतात, ऊन चढायच्या आत पानं तोडून परततात, आणि मग दुपारभर घरातली म्हातारी, पोरं, सगळीच मांडवाच्या सावलीत बसून पुडे बांधतात. सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेणाऱ्या केंद्रावर, मोजणी होते ती पुड्यांची. सुट्या पानांचा तिथं हिशेब नसतो.

अशा एका घरातली बाई डोळ्यांपुढे आणा. गेल्या हंगामात तिच्यापासून पंधरा-वीस पावलांवर वाकून पानं तोडणाऱ्या तिच्या जावेला वाघानं नेलं. आता धानकापणी आली, म्हणजे पाच-सहा महिने उलटले. नवरा सांगतो, "रातभर जागीच रायते." सासूची तक्रार वेगळी: पोरावर उगाच हात उचलते, भांडी आदळते. आशाताईच्या वहीत डोकेदुखी आणि धडधड लिहिलेली आहे. बीपी दोनदा मोजला, दोन्ही वेळा बरोबर निघाला. बचत गटाच्या बाया म्हणतात, आजकाल बैठकीला येत नाही, मोठी झाली. शेजारीण हळूच सांगते, तेरवीला एक टिपूस गाळलं नाही हिनं, दगडाची आहे. भगतानं बाहेरचं सांगितलं आणि लिंबू उतरवून झालं. खुद्द तिला विचारलं तर, "मले काई नाई झालं. जीव तेवढा धकधक करते."

यातलं कुणीही खोटं बोलत नाही. प्रत्येकाच्या हातात एकेक सुटं पान आहे, एवढंच. ती एकत्र बांधली तर एक आजार दिसतो.

मोठ्या आघातानंतरच्या या आजाराला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. 'आघातोत्तर तणाव विकार' असा मराठी शब्द आहे, पण गावात तो कुणी वापरत नाही. या आजाराची सगळ्यात गैरसोयीची गोष्ट ही, की त्यातलं एकेक लक्षण सुटं घेतलं तर ते आणखी दहा ठिकाणी सापडतं. झोप उदासीनतेत, म्हणजे डिप्रेशनमध्ये, उडते, थायरॉइडमध्ये उडते, सोसायटीचं कर्ज थकलं तरी उडते. धडधड रक्त कमी असलं की होते. अंगदुखी आणि थकवा तर विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजारातही असतो. तो तपासलाच पाहिजे, आणि तो निघाला म्हणून मनाचं विचारायचं थांबवूही नये. आजार ओळखायचा तो लक्षणं एकत्र कशी येतात त्यावरून. ती चार गटांत येतात आणि चारही गटांतलं काही ना काही असावं लागतं.

पण त्याआधीची पहिली अट घटनेची. मृत्यू, जिवावरचा धोका, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार स्वतःवर ओढवला, डोळ्यांदेखत दुसऱ्यावर ओढवला, किंवा अगदी जवळच्या माणसाचा असा घातपाती वा अपघाती शेवट कळला, तर ती घटना धरतात. "पाहिलं" हेही पुरेसं आहे, आणि आपल्याकडे नेमकं हेच सुटतं. वाघाच्या हल्ल्यानंतर वनविभागाची मदत वारसांना मिळते, ती मिळायलाच हवी. जी वीस पावलांवर उभी होती ती पंचनाम्यात 'प्रत्यक्षदर्शी' असते; तिचा जबाब होतो, अंगठा होतो, आणि तिचा विषय तिथं संपतो. तिकडे यवतमाळ-अमरावतीकडे सकाळी गोठ्यात गेलेल्या पोराला बाप आडव्याला लटकलेला दिसतो. घरचे आईला सांभाळतात, आणि पोरगं चहा करून पाहुण्यांना देत असतं. लोक कौतुकानं म्हणतात, पोरगा जबाबदार निघाला.

पहिला गट घुसणाऱ्या आठवणींचा. इथं रोग्याच्या तोंडचं क्रियापद कान देऊन ऐकावं. साध्या दुःखात माणूस म्हणतो "आठवते". या आजारात तो म्हणतो "दिसते". कधी "आत्ता झाल्यावानी वाटते". हा फरक बारीक आहे, पण निदानाचा अर्धा भार त्यावर आहे. आठवण आपण काढतो आणि बाजूला ठेवू शकतो. ही मात्र न बोलावता येते, कोणत्या वेळी येईल याचा नेम नसतो, आणि येते तेव्हा काळ मागचा उरत नाही. ती स्वप्नातही येते. शिवाय खुणांनी पेटते: वाळल्या पाल्यावर पाय पडल्याचा आवाज, तेंदूच्या पानांचा उग्र वास, छपरावरून मांजरीनं मारलेली झेप. बापानं विष घेतलेलं पाहिलेल्या पोराला कपाशीवरच्या फवारणीचा वास पुरतो, आणि जुलै ते सप्टेंबर हा वास गावाच्या चारी बाजूंनी येत असतो. अशा वेळी तळहात गार पडतात, घाम फुटतो, पोटात कालवतं. दवाखान्यात ही अ‍ॅसिडिटी म्हणून नोंदली जाते. म्हणून "पोटात कधी कालवते, त्याच्या आधी काय ऐकलं, कशाचा वास आला?" एवढं विचारायची सवय लावून घ्यावी.

दुसरा गट टाळण्याचा. त्यात लक्षणं दोनच: आतलं टाळणं, म्हणजे विचार आणि भावना, आणि बाहेरचं टाळणं, म्हणजे जागा, माणसं, गोष्टी. संख्येनं सगळ्यात लहान असलेल्या या गटाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असं माझं ठाम मत आहे. टाळणं कुणी तक्रार म्हणून सांगत नाही. टाळल्यानं बरं वाटतं, आणि ज्यानं बरं वाटतं त्यासाठी कोण दवाखान्यात येतं?

वाघाच्या मुलखात आणखी एक पेच आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, चिमूर या पट्ट्यात जंगलाला भिणं हा शहाणपणा आहे. मग सावधपणा कुठं संपतो आणि आजार कुठं सुरू होतो? ओळखायच्या तीन खुणा आहेत. सावधपणा धोक्याजवळच थांबतो. टाळणं पसरत जातं. आधी जंगल सुटतं, मग जंगलाकडची वाट, मग त्या वाटेवरचं बचत गटाचं घर, मग जावेच्या माहेरचा फोन, आणि शेवटी जावेच्या मुलीचं तोंड, कारण ते आईसारखं आहे. 'मोठी झाली' म्हणून बोल लावलेल्या बाईचं बैठकीला न येणं इथं बसतं. दुसरी खूण, सावध माणूस काहीतरी पर्याय काढतो: चौघींसोबत जातो, उशिरा जातो, मोठ्यानं बोलत जातो. टाळणारा पर्याय शोधत नाही, तो काम सोडतो. मोहफुलांची आणि तेंदूची रोकड बुडाली तरी सोडतो. तिसरी खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. सावध माणूस वाघाबद्दल भरपूर बोलतो. पंजे कुठं उमटलेत, काल कुणाची गोऱ्ही गेली, वनरक्षक काय म्हणाला, सगळं त्याला पाठ असतं. टाळणारा हा विषय निघाला की पाणी आणायला उठतो.

तिसऱ्या गटात सात लक्षणं आहेत आणि ती शांत आहेत. घटनेतला महत्त्वाचा तुकडाच न आठवणं. "आता कशातच राम नाही, कुणाचा भरवसा नाही" अशी पक्की बसलेली समजूत. चुकीचा दोष लावून घेणं. सतत भीती, संताप, शरम किंवा अपराधी भाव. रस जाणं. माणसांपासून तुटणं. आणि आनंद, माया, समाधान न जाणवणं. तेरवीला न रडलेली बाई दगडाची नसते, तिचं जाणवणंच बधिर झालेलं असतं. पोर अंगाशी येऊन झोपलं तरी काही होत नाही, आणि आपल्याला काही होत नाही याचीच तिला लाज वाटते. दोष लावून घेण्याचं वाक्य बहुधा अगदी छोटं असतं: "त्या दिवशी मीच तिले उठवलं." ते ऐकल्यावर लगेच "असं नको म्हणू, तुझी काय चूक" म्हणायचा मोह आवरावा. तेवढ्यावर ती गप्प होते आणि दोष आत तसाच राहतो. त्याऐवजी विचारावं, "रोज कोण कोणाले उठवत होतं?" बहुतेकदा कळतं की आलटून-पालटून. हे उत्तर तिच्या तोंडून येणं महत्त्वाचं.

चौथा गट जागत्या शरीराचा. चिडचिड आणि राग, जिवावर बेतेल असं बेफिकीर वागणं, सारखी टेहळणी, दचकणं, लक्ष न लागणं, झोप न येणं. ही सहा लक्षणं घरच्यांना दिसतात म्हणून घरचे याच गटाची तक्रार घेऊन येतात. पुरुषांत हाच गट दारूखाली झाकला जातो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची दारू लागली तर मिळते, आणि पहिले काही दिवस तिनं झोप येतेही. म्हणून "पिते का?" याच्याआधी "केव्हापासून वाढली?" हे विचारावं. उत्तरात घटनेचा महिना आला तर पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

चार गट पूर्वीपासूनचे नाहीत. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत हा आजार १९८० साली आला. १९९४ च्या आवृत्तीत १७ लक्षणं आणि तीन गट होते. टाळणं आणि बधिरपणा एकाच पेटीत ठेवले होते. पण रोग्यांची उत्तरं गणितानं तपासली तेव्हा कोणती लक्षणं एकमेकांबरोबर वर-खाली होतात ते दिसू लागलं, आणि टाळणं व बधिरपणा वेगवेगळे चालतात हे पुन्हा पुन्हा निघालं. २०१३ मध्ये गट चार झाले आणि लक्षणं २०. पहिल्या गटातलं किमान एक, दुसऱ्यातलं एक, तिसऱ्यातली दोन, चौथ्यातली दोन, एक महिन्याहून जास्त काळ, आणि त्यानं रोजचं जगणं अडलेलं, असा नियम. काही संशोधकांनी तर उत्तरांचे पाच, सहा, सात गट पाडून दाखवले आहेत.

या नियमातून किती तऱ्हा निघतात त्याचा हिशेब सोपा आहे. पाचांतून किमान एक निवडायच्या ३१ रीती, दोनांतून ३, सातांतून किमान दोन निवडायच्या १२०, सहांतून ५७. गुणाकार ६,३६,१२०. एकाच नावाचा आजार असलेल्या दोन माणसांची लक्षणं जवळजवळ जुळतच नाहीत असं होऊ शकतं. "अमक्याला तसं झालं होतं, हिला तसं नाही, म्हणजे हिला तो आजार नाही" हा गावातला आणि कधीकधी दवाखान्यातलाही तर्क इथं पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ पासून लागू केलेल्या वर्गीकरणात दुसरा रस्ता धरला आहे. तिथं सहाच लक्षणं: घटना पुन्हा आत्ता घडल्यासारखी जगणं, टाळणं, आणि धोका अजून आहे असं वाटत राहणं, या तिन्हींची दोन-दोन. त्यांच्या जोडीला भावना आवरता न येणं, स्वतःला कवडीमोल समजणं आणि नाती न टिकणं हेही असेल तर त्याला जटिल पीटीएसडी असं वेगळं नाव दिलं आहे. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या बायकांत किंवा लहानपणी छळ झालेल्यांत ते जास्त दिसतं. खेड्यात पहिली चाचपणी करायला मला हा तीन गटांचा साचा जास्त सोयीचा वाटतो. तीन गोष्टी अंगणात बसून विचारता येतात, वीस नाही.

मात्र गट म्हणजे काही एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या कोठ्या नाहीत. २००८ च्या चीनमधल्या वेंचुआन भूकंपातून वाचलेल्यांच्या उत्तरांवर रिचर्ड मॅकनॅली आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक वेगळी मांडणी केली. आजार आत कुठंतरी बसलेला आणि लक्षणं त्याची बाहेर दिसणारी निशाणी, असं न धरता त्यांनी लक्षणंच एकमेकांना ओढतात असं धरून जाळं काढलं. आपल्या बाईचं जाळं काढून पाहा. स्वप्नाच्या भीतीनं ती झोपत नाही, झोप नाही म्हणून दिवसा चिडते, पोराला मारते, मारलं म्हणून स्वतःला वाईट समजते, माणसांत जायची लाज वाटते, घरात एकटी बसली की दृश्य जास्त येतं, रात्री पुन्हा तेच. कुठूनही सुरुवात केली तरी फिरून तिथंच. बहुतेक वेळा झोपेचा धागा आधी हाताशी लागतो, कारण त्याबद्दल बोलायला कुणालाच लाज वाटत नाही. धागा कोणता हे मात्र प्रत्येक घरात पाहावं लागतं.

विचारायचं कसं? दुपारी, ती काही निवडत-टिपत बसलेली असताना. हात कामात असले की बोलणं सुटतं. सासू आणि नवरा आसपास नकोत. घटना पहिल्यापासून सांगायला लावू नका. "ते झाल्यापासून रातचं झोपेत काही दिसते का? दिवसा, जागेपनी?" इथून सुरुवात. मग, "पहिले जात होत्या आन् आता जात नाही, असं कोणतं ठिकान हाये?" मग, "मागून कोनी आलं तर कसं होते?" तिन्हींना हो आलं तर उरलेलं: मन कशात लागतं, माया वाटते का, दोष कुणाला देता. आणि शेवटी, न चुकता, न लाजता, "जगू नये असं वाटते का?" या प्रश्नानं तो विचार कुणाच्या डोक्यात नव्यानं शिरत नाही, असला तर बाहेर येतो. हो आलं तर त्या दिवशी तिला एकटं सोडायचं नाही, घरातलं फवारणीचं औषध कुलपात किंवा घराबाहेर, आणि त्याच दिवशी डॉक्टर.

छापील प्रश्नावलीत २० प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ८०, आणि साधारण ३१ ते ३३ च्या वर गेलं की सविस्तर तपासणी करायची. आकड्यांत उत्तर देणं ज्यांना अवघड जातं त्यांच्यापुढे चार चिंचोके ठेवावेत: अजिबात नाही तर हात लावायचा नाही, फारच होत असेल तर चारही उचलायचे. प्रश्नावली निदान करत नाही, कुणाला पुढे पाठवायचं ते सांगते.

पहिल्या महिन्यात हे नाव देऊच नये. त्या दिवसांत झोप उडणं, दचकणं, दृश्य दिसणं बहुतेकांना होतं, आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. तेव्हा पाहिजे ते पोटाला जेवण, सोबतीला माणूस, कागदपत्रांना मदत. घटनेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोल बसवून "मन मोकळं करा" म्हणायची पद्धत चांगल्या हेतूनं होते, पण एकाच बैठकीत सक्तीनं सगळं उकरून काढल्यानं हा आजार टळत नाही. काहींचं त्यानं बिघडतंही. उलट टोकाची चूक म्हणजे झोपेची गोळी. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते आणि मूळ आजार तसाच राहतो, म्हणून या आजारात त्या टाळायला सांगतात. सर्ट्रालीनसारखी औषधं दिली जातात, पण त्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, फरक दिसत नाही, आणि गोळी कोनाड्यात जाऊन पडते. हे आधीच सांगितलं की गोळ्या टिकतात.

औषधाहून जास्त पुरावा बोलण्याच्या उपचारांना आहे. त्यांतल्या एकात टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीनं परत जायचं असतं, साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येक तासाभराहून जास्त. पायऱ्या रोग्यानंच लावायच्या. आपल्या बाईची पहिली पायरी असेल घरात ठेवलेलं तेंदूचं एक वाळलं पान. मग जावेच्या मुलीची वेणी घालणं. मग बचत गटाच्या घरापर्यंत दोघींनी जाणं, मग एकटीनं. एका पायरीवर भीती चढून पुन्हा उतरेपर्यंत थांबायचं. भीती ऐन शेंड्यावर असताना पळालं तर शरीर हेच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. आणि "भीती मोडायला" म्हणून तिला थेट त्या जागेवर ओढत नेणारे नातेवाईक काही महिन्यांचं काम एका दुपारी वाया घालवतात. पहाटे एकटीनं जंगलात जाणं ही पायरी या शिडीत नाहीच. तिथं खरा वाघ आहे. शिडी सुरक्षित गोष्टींपाशी संपते.

भगताकडे गेली म्हणून रागावू नये. बाहेरचं आहे म्हटल्यानं निदान घर तिच्याभोवती गोळा होतं, दोष तिच्यावर येत नाही. गोळी आणि बैठका सोडायला लावल्या नाहीत म्हणजे झालं. हे सगळं करायला गावात मनोविकारतज्ज्ञ येणार नाही हे उघड आहे. पण अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या कार्यक्रमानं उदासीनतेसाठी गावपातळीवरच्या प्रशिक्षित लोकांमार्फत काम केलं तेव्हा मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आणि हा आजार वाघाच्या मुलखापुरता नाही. श्रीलंकेत साप चावून वाचलेल्या ८८ जणांना विचारलं तर १९ जणांना पीटीएसडी निघाला. आपल्याकडे धानाच्या बांधीत साप चावणं काय नवं आहे? जखम भरली की फाइल बंद होते. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. आशाताईच्या वहीच्या पुठ्ठ्यावर तो लिहिलेला असावा.

बरी झाली तरी पुढचा मे येतो. फळी लागायच्या आधीचा आठवडा आणि घटनेची तिथी, या दोन्हींच्या आसपास लक्षणं पुन्हा उठतात. तिला आणि घरच्यांना एप्रिलमध्येच हे सांगून ठेवावं, म्हणजे आजार परतला म्हणून घाबरगुंडी उडत नाही. त्या आठवड्यात एका दुपारी घरी जावं. मांडवात पुडे बांधणं चाललेलं असेल. ती आत स्वयंपाकघरात आहे की बाहेर, तोंड पानांकडे आहे की भिंतीकडे, पानं दुसऱ्यांनी जुळवायची आणि ती नुसती बांधायची साल सोलून देते का, हे पाहावं, आणि तारीख घालून वहीत लिहावं.